आरटीआरची तोंडी परीक्षा : एकदा नापास, एकदा पास

वैमानिकाच्या परवान्यासाठी जे लेखी पेपर द्यावे लागतात त्यांच्याविषयी आता मराठीतही थोडेफार वाचायला मिळते, पण आरटीआरच्या तोंडी परीक्षेविषयी जे कानावर येते ते बहुधा 'परीक्षक फार कडक असतात' या एका वाक्याच्या पुढे जात नाही. मी ही परीक्षा दोनदा दिली. पहिल्या वेळी नेमके काय चुकले हे समजायला मला दोन महिने लागले आणि ते समजावून दिले ते विमानात एकदाही न बसलेल्या माझ्या आईने, म्हणून हा सगळा प्रकार क्रमवार लिहून ठेवत आहे.

आधी परीक्षा कशाची ते सांगते. आरटीआर म्हणजे रेडिओ टेलिफोनी रिस्ट्रिक्टेड. विमानातल्या रेडिओवरून नियंत्रकाशी बोलण्याची पात्रता या दाखल्याने सिद्ध होते. तो दाखवल्यावर डीजीसीएकडून, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, एफआरटीओएल हा रेडिओचा परवाना मिळतो आणि तो हाती असल्याशिवाय व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, मिळत नाही. मी परीक्षा दिली तेव्हा ती दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा घेत असे. 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियम 2024 ने हे काम डीजीसीएकडे सोपवले आहे, त्यामुळे अर्ज कोठे आणि कसा करावा याबाबत माझ्यावर विसंबून न राहता डीजीसीएच्या चालू सूचना वाचाव्यात. अभ्यासाविषयी जे लिहीत आहे ते मात्र उपयोगी पडावे.

2023 च्या जानेवारीत माझे नेव्हिगेशन, हवामान आणि हवाई नियमांचे पेपर झालेले होते, उड्डाणाचे तास निम्म्यावर आले होते आणि मी महिनाभरासाठी नाशिकला जेल रोडच्या घरी आले होते. अर्ज भरायला बसले तेव्हा पहिला खोळंबा कागदपत्रांचा झाला. दहावीच्या गुणपत्रिकेवर बाबांच्या नावात इंग्रजीतला 'ए' एकदा होता आणि आधारकार्डावर तो दोनदा होता. इतकी वर्षे या अक्षराने कोणाचे काही अडले नव्हते, पण आरटीआर, वैद्यकीय तपासणी आणि सीपीएल या सर्व ठिकाणी तेच नाव तसेच्या तसे लागणार असल्यामुळे मी सीबीएस बसस्थानकाजवळ न्यायालयाबाहेर बसणाऱ्या नोटरीकडे जाऊन प्रतिज्ञापत्र करून घेतले. टायपिंग, स्टँप आणि नोटरी मिळून साडेसहाशे रुपये लागले आणि एक सकाळ गेली. ज्यांच्या कागदांवर असा फरक असेल त्यांनी तो पहिल्याच अर्जाच्या आधी मिटवावा.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पंधरा दिवसांचा ऑनलाइन वर्ग सुरू झाला. शुल्क अठरा हजार होते, वेळ संध्याकाळी सात ते नऊ. तेव्हा परीक्षेचे दोन भाग असत, हे तेथे नीट कळले. पहिला भाग ट्रान्समिशनचा. हातात एक कागद मिळे. त्यावर तुमचा कॉलसाइन (विमानाचे रेडिओवरचे नाव), मार्ग, अंतरे, वेग, मागितलेली उड्डाणपातळी (शेकडो फुटांत सांगितलेली उंची) आणि वाटेत घडणाऱ्या एकदोन घटना दिलेल्या असत. तो वाचायला थोडा वेळ मिळे, मग परीक्षक नियंत्रक होई, आपण वैमानिक व्हायचे आणि इंजिन सुरू करण्याची परवानगी मागण्यापासून उतरेपर्यंतचे सारे संभाषण करून दाखवावे लागे. दुसरा भाग समोरासमोरच्या प्रश्नांचा, ज्यात नियम, कार्यपद्धती आणि रेडिओमागचे विज्ञान विचारले जाई.

पाठांतराचा भाग मोठा आहे आणि तो टाळता येत नाही. आणीबाणीची वारंवारता 121.5 मेगाहर्ट्झ, सैनिकी विमानांसाठी 243, अपघात झाल्यास संकेत पाठवणाऱ्या ईएलटी या यंत्राची 406. ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख पाठवणाऱ्या यंत्रावर, अपहरणाला 7500, रेडिओ बंद पडल्यास 7600, आणीबाणीला 7700. संदेशांचा अग्रक्रम, म्हणजे आधी डिस्ट्रेस (संकट), मग अर्जन्सी (तातडी), मग दिशाशोधन, मग उड्डाणसुरक्षा, मग हवामान आणि शेवटी उड्डाणांची नियमितता. मी हे सगळे पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यांवर लिहून फ्रिजवर, आरशावर आणि जिन्याच्या कठड्यावर चिकटवले. मेडे हा संकटात पुकारायचा शब्द फ्रेंचमधल्या 'मला मदत करा' या अर्थाच्या शब्दांवरून आला आणि तो 1920 च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरचे रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी सुचवला, हे मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितले, तेव्हा तिने 'मला वाटलं एक मे' एवढेच उत्तर दिले.

रेडिओच्या विज्ञानासाठी मला घरातच शिक्षक होते. बाबा ओझरच्या एचएएलमध्ये विमानांच्या विद्युत विभागात एकतीस वर्षे काम करून निवृत्त झाले आहेत. विमानात वापरल्या जाणाऱ्या व्हीएचएफ रेडिओचा पल्ला काढण्याचे सूत्र, म्हणजे उंची फुटांत घेऊन तिचे वर्गमूळ काढायचे आणि 1.23 ने गुणायचे की सागरी मैल मिळतात, हे मला पाठ होते. दहा हजार फुटांवरून 123 मैल हे उत्तरही पाठ होते. बाबांनी एके दिवशी स्कूटरवरून पांडवलेण्यांपर्यंत नेले, पायऱ्या चढायला लावल्या आणि दर पन्नास पायऱ्यांनी थांबवून आता शहर कुठपर्यंत दिसते ते विचारले. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून जितके दिसते त्याहून फार लांबचे ऐकू येत नाही, आणि दुप्पट उंच चढले म्हणून दुप्पट लांबचे दिसत नाही, हे त्या पायऱ्यांवर एकदा कळल्यावर सूत्र विसरणे शक्यच राहिले नाही.

त्यांनी तयार करून घेतलेला दुसरा प्रश्न म्हणजे विमानाच्या व्हीएचएफ रेडिओत एएम का वापरतात, एफएम का नाही. एफएम रिसीव्हर दोन संदेश एकाच वेळी आले तर बलवान संदेश पकडतो आणि दुबळा पूर्ण दाबून टाकतो. एएममध्ये दोन्ही एकमेकांवर आदळून कर्कश शिट्टी ऐकू येते, शब्द कळत नाहीत, पण आणखी कोणीतरी बोलत आहे एवढे तरी कळते. दाबला गेलेला तो दुबळा संदेश मेडे असू शकतो. बाबा म्हणाले, 'हे उत्तर घोकू नकोस, ती शिट्टी डोक्यात ठेव.'

एप्रिलमध्ये मुंबई केंद्रावर परीक्षा होती. आदल्या दिवशी सकाळी नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसने निघाले. आसपास रोजच्या पासधारकांचे पत्ते चालले होते आणि मी खिडकीशी बसून ओठांतल्या ओठांत कल्याणपर्यंत तीन वेळा उड्डाण करून तीन वेळा उतरले. मुक्काम डोंबिवलीला मावशीकडे होता, त्यामुळे त्या खेपेला नऊशे रुपयांत भागले. दुसऱ्या दिवशी साडेनऊला केंद्रावर पोहोचले तेव्हा व्हरांड्यात चाळीसेक मुले-मुली होती, प्रत्येक जण भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होता आणि त्यांच्याकडे पाहून आपण काहीच वाचलेले नाही असे वाटत होते. माझे नाव दुपारी दोनच्या सुमारास आले. डबा आणि पाणी जवळ ठेवा. माझ्याजवळ दोन्ही नव्हते, कारण मी अकरापर्यंत मोकळी होईन असे गृहीत धरले होते.

माझ्या कागदावर मुंबई ते औरंगाबाद असा मार्ग होता. दीडशे सागरी मैल, वेग 120 नॉट, म्हणजे मिनिटाला दोन मैल, गणित सोपे. मागितलेली पातळी फ्लाइट लेव्हल 90 होती. मार्ग कळसूबाईच्या दक्षिणेकडून, ओळखीच्या डोंगरांवरून जाणारा असल्यामुळे मला उगाचच बरे वाटले. स्टार्ट-अप, टॅक्सी, सगळे मनासारखे झाले. मग परवानगीचा संदेश आला: क्लिअर्ड टू औरंगाबाद, फ्लाइट लेव्हल अमुक, स्क्वॉक (म्हणजे ट्रान्सपॉन्डरवर लावायचा आकडा) टू फोअर फाइफ वन. मी तो आत्मविश्वासाने परत म्हटला, परीक्षकांनी काही हरकत घेतली नाही आणि आम्ही पुढे गेलो. वाटेतल्या पहिल्या पोझिशन रिपोर्टमध्ये मी स्थान, वेळ आणि 'मेंटेनिंग फ्लाइट लेव्हल नायनर झिरो', म्हणजे नव्वद पातळीवर आहे, असे सांगितले. परीक्षकांनी हेडफोन बाजूला केला आणि शांतपणे विचारले, 'तुम्हाला नायनर झिरो कोणी दिली?'

मी कागदाकडे बोट दाखवले. ते म्हणाले, 'कागदावर तुम्ही मागितलेली पातळी आहे. मी सेव्हन झिरो दिली होती.'

मला आजही तो सात ऐकल्याचे आठवत नाही. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला विषम हजार फुटांची पातळी मिळते. सत्तर आणि नव्वद, म्हणजे सात आणि नऊ हजार फूट, दोन्ही त्या नियमात बसतात, त्यामुळे कानाला खटकावे असे त्यात काही नव्हते. सम आकडा आला असता तर कदाचित मी दचकले असते. प्रत्यक्ष आकाशात नियंत्रकाने चुकीचा रीडबॅक (परत म्हटलेला संदेश) ऐकून तो तिथल्या तिथे दुरुस्त करायचा असतो, पण येथे परीक्षा नियंत्रकाची नव्हती. दुसऱ्या भागासाठी माझे नाव पुकारले गेले नाही. संध्याकाळी मावशीने केलेले थालीपीठ मी खाल्ले, परतीच्या गाडीत कसाऱ्याचा घाट संपेपर्यंत रडले नाही आणि इगतपुरीनंतर रडले.

पुढचे दोन महिने मी चुकीच्या दिशेने मेहनत केली. अभ्यास कमी पडला असे समजून आणखी अभ्यास केला, नोट्सच्या झेरॉक्सवर साडेअकराशे रुपये खर्च केले आणि परदेशी विमानतळांवरची संभाषणे इंटरनेटवर तासन्‌तास ऐकली. ऐकण्याचा वेग वाढण्यासाठी ती चांगली आहेत, पण अमेरिकेतली ऐकत असाल तर जपून ऐका, कारण तिथे 'डेसिमल'ऐवजी 'पॉइंट' म्हणतात, क्यूएनएच (उंचीमापक लावण्यासाठी सांगितला जाणारा हवेचा दाब) हेक्टोपास्कलमध्ये देण्याऐवजी पाऱ्याच्या इंचांत 'अल्टिमीटर' म्हणून देतात, आणि माझ्या तोंडात 'पॉइंट' असा बसला की तो काढायला पुन्हा दोन आठवडे गेले.

जूनमध्ये बाबांनी चरखी दादरीची आठवण काढली. 12 नोव्हेंबर 1996 च्या संध्याकाळी हरियाणात सौदी अरेबियाचे वर चढणारे बोइंग 747 आणि कझाकस्तानचे खाली उतरणारे इल्युशिन 76 हवेत धडकले आणि 349 माणसे गेली. सौदी विमानाला 14,000 फुटांपर्यंत आणि कझाक विमानाला 15,000 फुटांपर्यंत परवानगी होती. कझाक विमान त्या पातळीवर थांबले नाही. त्या विमानात नियंत्रकाशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा होता आणि ऐकलेले वैमानिकांपर्यंत त्याच्यामार्फत पोहोचत होते. बाबा हे सांगत असताना आई मेथी निवडत होती. तिने विचारले, 'तुला तो आकडा ऐकायच्या आधीच माहीत होता का?' मी म्हटले, कागदावर छापलेलाच होता. 'मग झालं,' ती म्हणाली. 'आकडा माहीत असला की माणूस ऐकत नाही, पुढे जातो.'

आई बावीस वर्षे एका पतसंस्थेत कॅशियर होती. दिवसअखेर हिशेब जुळवताना एकाने रोजकीर्द वाचायची आणि दुसऱ्याने खतावणीत टिक करायची, अशी त्यांची पद्धत होती. ज्याने नोंद केली त्याला टिक करायला कधी बसवत नसत, कारण त्याला आकडे पाठ असतात आणि तो समोरच्याचे न ऐकता टिक करत सुटतो. त्यांचे व्यवस्थापक वाचताना मधूनच एखादा आकडा मुद्दाम चुकवत. टिक करणाऱ्याने अडवले नाही तर सगळे पान पुन्हा वाचायचे. आईने हीच पद्धत मला लावायचे ठरवले.

मी चाळीस मार्ग चाळीस कार्डांवर लिहिले. रात्रीच्या जेवणानंतर आम्ही गच्चीवर बसत असू. आई नियंत्रक. तिच्या हातात कार्डाची प्रत आणि लाल पेन. प्रत्येक संदेशात ती वाटल्यास एक गोष्ट बदलत असे, कधी पातळी, कधी स्क्वॉक, कधी क्यूएनएच, आणि कधी काहीच नाही. पहिल्या संध्याकाळी वीस संदेशांपैकी सात वेळा मी कार्डावरचेच परत म्हटले. सात! आणि त्यातल्या एकाही वेळी मला शंका आली नव्हती. आईचे इंग्रजी आकडे तिच्या पद्धतीचे होते, 'स्क्वॉक'चा 'स्कॉक' होत असे, गांधीनगरच्या सैनिकी तळावरचे हेलिकॉप्टर डोक्यावरून गेले तरी ती थांबत नसे, आणि याचा मला फायदाच झाला, कारण खरा नियंत्रकही तुमच्या सोयीच्या उच्चारात आणि शांततेत बोलेलच असे नाही. ऐकू न आल्यास 'से अगेन' म्हणायला लाजू नये हे मी पुस्तकात वाचले होते. ते तोंडून सहज निघायला मात्र गच्चीवरचे ते हेलिकॉप्टर लागले.

हळूहळू एक रीत बसली. संदेश सुरू झाला की मूळ कागद पालथा घालायचा, कोऱ्या अर्ध्या पानावर ऐकलेले लिहायचे, आणि जे स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे तेवढेच परत म्हणायचे. आकडे सुटे सुटे लिहायचे. आकडे सुटे का म्हणायचे हे मराठी माणसाला वेगळे समजावण्याची गरज नाही असे मला वाटते. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांच्यात फोन नंबर सांगताना आपण किती वेळा 'पाच नऊ, पाच नऊ' असे ओरडतो ते आठवून पाहावे. पेन्सिल घ्या, पेन नको, आणि एकाला दोन घ्या.

वेळेची सवय हा आणखी एक किरकोळ वाटणारा, पण गुण खाणारा भाग आहे. रेडिओवर सर्व वेळा यूटीसीमध्ये सांगाव्या लागतात आणि भारतीय वेळ त्यापुढे साडेपाच तास असते. सवय व्हावी म्हणून मी स्वयंपाकघरातले घड्याळ यूटीसीवर लावले. सकाळी साडेसहाला येणारे नळाचे पाणी घड्याळात एक वाजता येऊ लागले, ते आईने दोन दिवस सोसले आणि तिसऱ्या दिवशी घड्याळ पूर्ववत केले. मग मी मनगटी घड्याळावर भागवले.

जुलैमध्ये पुन्हा अर्ज केला. परीक्षेची तारीख कळेपर्यंत उड्डाणाच्या शाळेत परतले, आईशी रोज रात्री फोनवर दहा संदेश चालू राहिले आणि सप्टेंबरअखेर चुका आठवड्याला एकदोन उरल्या. ऑक्टोबरमध्ये परीक्षा होती. या वेळी मावशी गावाला गेलेली असल्यामुळे लॉजवर राहावे लागले आणि प्रवासासह अठ्ठावीसशे रुपये गेले. डबा, पाणी आणि दोन पेन्सिली बरोबर होत्या.

कागद अहमदाबाद ते मुंबईचा मिळाला. परवानगीत पातळी कागदावरचीच होती, स्क्वॉकही साधा होता, आणि मला वाटते सगळ्यात कठीण क्षण तोच होता, कारण चार महिने मी बदलाची वाट पाहायला शिकले होते आणि येथे बदल नव्हता. जे लिहिले ते दोनदा पाहून मग बोलले. बदल नंतर आला, उतरताना, क्यूएनएच वन झिरो झिरो एट असा कागदापेक्षा दोनने कमी. तो लिहिला आणि तोच परत म्हटला. मध्ये एका इंजिनात बिघाड दिला होता. पॅन पॅन ही तातडीची हाक तीनदा द्यायची हे आठवले, पण हेतू सांगण्याआधी विमानातली माणसे सांगितली, तेवढा क्रम उलटा झाला.

दुसऱ्या भागात साधारण वीस मिनिटे प्रश्न झाले. वाचनीयतेचे पाच अंक, मार्कर बीकनची 75 मेगाहर्ट्झ, भारत आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) कोणत्या प्रदेशात येतो, तर तिसऱ्या, विमानांवरची व्हीटी ही अक्षरे कोणत्या देशाची. एएम का, हाही प्रश्न आला आणि मी शिट्टीपासून सुरुवात केली. सुपरहेटरोडाइन रिसीव्हरमध्ये प्रतिमा वारंवारता कशी टाळतात हे मला सांगता आले नाही. थोडा वेळ काहीबाही सांगून पाहण्याचा मोह झाला, पण मी 'माहीत नाही, सर' म्हटले आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. चेहऱ्यावरून काही कळले नाही.

निकालाच्या यादीत क्रमांक दिसेपर्यंत पाच आठवडे गेले. मग दाखल्यासाठीचे कागद पाठवले आणि तो टपालाने घरी यायला आणखी काही आठवडे लागले, म्हणून परवान्याच्या इतर कामांचे वेळापत्रक आखताना निकालाची तारीख न धरता दाखला हाती येण्याची तारीख धरावी. दोन्ही खेपांचे परीक्षाशुल्क सोडून माझा एकूण खर्च साडेतेवीस हजार झाला, ज्यात अठरा हजार वर्गाचेच आहेत. ज्यांच्या घरी संध्याकाळी तासभर मोकळे असणारे आणि दयामाया न करणारे कोणी आहे त्यांनी आधी तिथे विचारून पाहावे.

दाखला आला त्या दिवशी एफआरटीओएलचा अर्ज भरायला बसले. क्रमांक आई वाचत होती आणि मी टाइप करत होते. चौथ्या अंकाला मी थांबले, लिफाफा तिच्या हातातून घेतला आणि स्वतः पाहिला. अंक बरोबरच होता.

'खऱ्या कागदावर नाही गं करत मी तसं,' आई म्हणाली, आणि पुढचा अंक वाचला.